तीन पाय पुरे

मराठीत 'पुरे' हा शब्द असा आहे की, तो एकदा उच्चारून भागत नाही. पंगतीत बसलेला माणूस पहिल्यांदा 'पुरे' म्हणतो, तेव्हा वाढणाऱ्याच्या कानांपर्यंत तो पोहोचतच नाही. दुसऱ्यांदा म्हटले की एक जिलबी जास्तच पडते. तिसऱ्यांदा पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरतो, तेव्हा कुठे वाढणारा पुढे सरकतो, आणि तोही 'लाजता की काय!' असे म्हणत. या वागण्याला आपण आग्रह म्हणतो आणि त्याचे कौतुकही करतो. आग्रह नसलेले जेवण म्हणजे खानावळीतले जेवण, अशी आपली पक्की समजूत आहे.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्दांच्या साली काढत बसण्याची खोड या धंद्यात लागतेच. 'पुरे' हे 'पुरणे' या क्रियापदाचे रूप. मूळ अर्थ एवढाच की, जे आहे ते पुरते, त्यात भागते. पण वापरता वापरता त्याला दुसरा अर्थ येऊन चिकटला: थांबा, आणखी नको. तृप्ती आणि नकार अशा दोन जावा एकाच शब्दात नांदत आहेत, आणि बोलणारा तृप्त आहे की त्रासलेला आहे हे ऐकणाऱ्याने सुरावरून ओळखायचे असते. हे ओळखणे अवघड. पण ज्याला बोलताच येत नाही अशा जिवाच्या वतीने हा शब्द आपल्याला उच्चारायचा असला, तर ते फारच अवघड. या गोष्टीचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती आमच्या खंडूमुळे.

खंडू हा आमचा कुत्रा. २०१५ च्या पावसाळ्यात, मुलगी सहा वर्षांची असताना, तो तिच्या दप्तराच्या पिशवीतून घरी आला. आईकडून तो अल्सेशियन होता आणि वडिलांकडून पुणेकर. दुपारी एक ते चार या वेळात तो कोणासाठीही उठत नसे, यावरून त्याचे पितृकुळ सिद्ध होत असे. मुलीला त्याचे नाव 'ब्रूनो' ठेवायचे होते. पण माझे सासरे, नाना, यांनी सांगितले की, आपले कुलदैवत जेजुरीचे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, तेव्हा घरात कुत्रा आणायचाच असेल तर तो खंडूच असेल. नानांचा कुत्रा आणायला विरोध होता. नाव ठेवण्याच्या निमित्ताने तो विरोध कधी मावळला ते त्यांनाही कळले नाही. महिनाभरात त्यांनी दूधवाल्याला अर्धा लिटर दूध वाढवायला सांगितले, कारण त्यांच्या मते खंडूला दहीभाताशिवाय रात्री झोप लागत नव्हती.

आठ वर्षांत खंडूचे वजन छत्तीस किलो झाले. २०२३ च्या जून महिन्यात तो डाव्या पुढच्या पायाने लंगडू लागला. कुठे तरी मुरगळला असेल, असे सर्वांनाच वाटले. गोळ्यांनी चार दिवस बरे वाटले आणि पाचव्या दिवशी मनगटाच्या वर बोरासारखी सूज दिसली. क्ष-किरणांचे चित्र काढले. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक बाई होत्या. त्यांनी ते चित्र उजेडावर धरले. निरोगी हाडाची कड कशी रेघेने आखल्यासारखी असते. इथे ती रेघ पुसली गेली होती, आणि आतले हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखे भुरभुरीत दिसत होते. नंतर सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत नावही कळले: ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग. कुत्र्यांच्या हाडात होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत अधिक आढळतो, आणि तो मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या वाट्याला जास्त येतो. पुढच्या पायात तो कोपरापासून लांब होतो, मागच्या पायात गुडघ्याच्या जवळ. जनावरांच्या डॉक्टरांना हे विद्यार्थिदशेतच सूत्रासारखे पाठ करावे लागते.

डॉक्टरांनी उपाय सांगितला, तो ऐकून आमचे हे खुर्चीतून उठलेच. पाय काढायचा. नुसता मनगटापासून नव्हे, खांद्याच्या पाळीसकट सगळा.

"हा पाय आता त्याला आधार देत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "फक्त दुखतो. पोखरलेले हाड एखाद्या दिवशी जिना उतरताना मोडेल. आपण पाय काढतोय असे समजू नका. दुखणे काढतोय."

मग त्यांनी काही न लपवता पुढचे सांगितले. छातीच्या चित्रात फुप्फुसे स्वच्छ दिसत होती, पण या रोगाचे बारीक बी बहुतेक कुत्र्यांत निदान होण्याआधीच रक्तातून फुप्फुसांकडे गेलेले असते. केवळ पाय काढला तर कुत्री साधारणपणे चार-पाच महिने जगतात. त्याला औषधाच्या सलाइनची जोड दिली तर दहा-बारा महिने. पाचांतला सुमारे एक दोन वर्षे पाहतो. पूर्ण बरा होईल का, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर आधीच मिळाले होते.

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात जी बैठक झाली, तिचा खरा विषय खंडू नव्हता. खरा विषय होता माझ्या सासूबाई. २०१७ साली त्यांना पोटाचा कर्करोग झाला. परळच्या टाटा रुग्णालयात आम्ही त्यांना नेत होतो. पहाटेची गाडी, दादरला उतरणे, कागदांची पिशवी, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. तिसऱ्या सलाइननंतर घरी येताना लोणावळ्याच्या आसपास त्या म्हणाल्या, "पुरे." आम्हाला वाटले, गाडीतला पंखा पुरे म्हणत असतील. त्या पुन्हा म्हणाल्या, "आता पुरे." तिसऱ्यांदा त्यांना म्हणावे लागले नाही. पुढचे तीन महिने त्या घरी राहिल्या, तुळशीला पाणी घालत राहिल्या, आणि झोपेत गेल्या.

"तिला बोलता येत होते, सूनबाई," नाना म्हणाले. "याला येत नाही. पंगतीला बसवलेला हा मुका पाहुणा. आपण मायेने वाढतच राहिलो, तर त्याने पुरे म्हणायचे कसे?"

याला मजजवळ चटकन उत्तर नव्हते. महाभारताच्या सतराव्या पर्वात धर्मराज आपल्यामागे चालत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढायला तयार होत नाही. ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी धर्मराजाच्या निष्ठेने माझा मीच कंठ दाटवून घेतला आहे. त्या रात्री प्रथमच मनात आले की, स्वर्गात यायचे आहे का, हे त्या कुत्र्याला कोणी विचारले होते? त्याला कदाचित हिमालयाच्या पायथ्याशीच बरे वाटत असेल. जनावरावर प्रेम करणारा माणूस त्याच्या वतीने सगळे ठरवून टाकतो. आपली माया आणि त्याचे हित यांत अंतर असू शकते, हे त्याला सुचत नाही.

खर्चाचाही विचार झाला, तो झाला नाही असे सांगणे खोटेपणाचे होईल. शस्त्रक्रिया आणि सलाइन मिळून माझे दोन महिन्यांचे वेतन जाणार होते. दिवाळीत केरळला जायचे होते, ते रद्द झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एका कुत्र्यापायी एवढे?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ज्या शहरात माणसांना औषधासाठी दारोदार जावे लागते, तिथे हा प्रश्न कोणीही विचारावा. मी एवढेच म्हणाले की, काकू, घरात कोणी कण्हत असले म्हणजे त्याला पाय किती ते मोजले जात नाही.

शेवटी तडजोड नानांनीच काढली. पाय काढावा, कारण दुखणे तर दिसतच होते. सलाइनही सुरू करावे. पण किती द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, आपणही नाही, खंडूने ठरवायचे. त्याचे म्हणणे वाचायचे काम नानांनी स्वतःकडे घेतले. ते बँकेत चौतीस वर्षे हिशेबनीस होते, त्यामुळे वाचणे म्हणजे नोंद ठेवणे असा त्यांचा अर्थ होता. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. तिथे रोजच्या दुधाची नोंद करतात तशीच त्याच चौकोनात खंडूचीही करायची. दिवस चांगला गेला तर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली.

१४ जुलै २०२३ रोजी शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसावर फुली आहे.

पुढच्या पाच-सहा रात्री मी त्याच्याशेजारी जमिनीवर झोपले. डाव्या बाजूचे केस भादरलेले, बरगड्यांवरून टाक्यांची लांब ओळ, आणि जिथे पाय असायचा तिथे नुसती सपाट कातडी. ते पाहवत नव्हते. पण हे न पाहवणे माझे होते. आपला पाय गेला तर आपल्याला आधी लोकांची नजर आठवते, मग आरसा, मग लोकलची गर्दी. खंडूकडे यांतले काही नव्हते. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या अंगणात त्याला पोटाखालून पंचाचा झोका देऊन उभे केले, तेव्हा त्याने एकदा डावीकडे झोक खाल्ला, उरलेला पाय शरीराच्या मध्याकडे सरकवला, आणि जवळच्या कण्हेरीपाशी जाऊन आपले काम उरकले. गेल्या महिन्यात जो पाय तो टेकवायला भीत होता, तो आता दुखायला उरला नव्हता. त्याच्या लेखी झाले होते ते एवढेच.

कुत्र्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि चाळीस टक्के मागच्या. म्हणून मागचा पाय गेलेल्या कुत्र्यापेक्षा पुढचा गेलेल्याला तोल सावरणे जड जाते, आणि गुळगुळीत फरशी ही त्याची मोठी वैरीण. आमच्या घरात सगळीकडे चकचकीत फरशी. मग कपाटातून सासूबाईंच्या हातच्या गोधड्या निघाल्या. दिवाणखाना ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते दार, अशी गोधड्यांची पायवाट तयार झाली. घसरू नये म्हणून त्यांच्या खाली ह्यांच्या व्यायामाच्या रबरी चटया कापून घातल्या. त्या चटयांचा तेवढाच एक उपयोग झाला. जेवणाचे ताट पाटावर आले, कारण मान फार खाली घातली की एका पायावर सगळा भार येतो. एकूण खंडू पाटावर जेवू लागला आणि आम्ही टेबलावर.

खाली अंगणात त्याला प्रथम नेले, तेव्हा मुलांचा खेळ थांबला. लहान मुले टक लावून पाहतात, आणि त्यात वाईट काही नसते. एक सात-आठ वर्षांचा मुलगा पुढे आला, त्याने खंडूला सर्व बाजूंनी निरखले आणि निकाल दिला, "हा रिक्षा झाला! पुढे एक, मागे दोन!" संध्याकाळपर्यंत साऱ्या सोसायटीत खंडूचे नाव रिक्षा झाले. नानांना ते फार आवडले. ते म्हणाले, "पुण्यातली रिक्षा म्हणजे मनात असेल तरच येणार. नाव बरोबर आहे."

टाके निघाल्यावर, जुलैच्या अखेरीस पहिले सलाइन लागले. औषधाचे नाव कार्बोप्लॅटिन. नावात प्लॅटिनम आहे आणि औषधातही खरोखरच प्लॅटिनम आहे. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातले बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. त्यांना दिसले की जंतू मरत नाहीत, पण त्यांचे दुभंगणे थांबते, ते नुसतेच लांब होत जातात. हा पराक्रम विजेचा नव्हता. विजेच्या तारांच्या टोकांना प्लॅटिनम होते, ते पाण्यात उतरत होते. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, १९७८ मध्ये अमेरिकेत त्यापासूनचे पहिले औषध माणसांसाठी मंजूर झाले, आणि १९८९ मध्ये त्याचे हे सौम्य भावंड. लग्नाला अठरा वर्षे झाली तरी माझ्या अंगावर प्लॅटिनमचा मणीसुद्धा नाही, आणि आमचा कुत्रा दर तीन आठवड्यांनी ते शिरेतून घेऊन येत होता, हे मी ह्यांना ऐकवून घेतले.

तुम्ही म्हणाल, म्हणजे त्याचे केस गेले असतील, उलट्यांनी जीव हैराण झाला असेल. आम्हीही तीच भीती धरून होतो, कारण आमच्या डोळ्यांसमोर सासूबाई होत्या. पण जनावरांच्या बाबतीत डॉक्टरांचा हेतूच निराळा असतो. माणसाच्या बाबतीत रोग मुळापासून काढायचा असतो, आणि त्यासाठी पुढच्या आयुष्याच्या आशेवर आज यातना सोसायला सांगता येते. कुत्र्याला उद्याची आशा दाखवता येत नाही. म्हणून औषधाची मात्रा अशी ठेवतात की, त्याचा आजचा दिवस त्याला जगता यावा. बहुतेक कुत्र्यांचे केस जातही नाहीत, कारण माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे ते सतत वाढत नसतात. खंडूच्या मिशांचे चार राठ केस तेवढे गळले. दोन दिवस तो दहीभाताकडे तोंड फिरवून बसे, उलटी थांबवण्याची गोळी घेई, आणि तिसऱ्या दिवशी पाटावर हजर होई. त्या दोन-तीन दिवसांत त्याचे मलमूत्र आवरताना हातमोजे घालायचे, कारण औषध त्यातून बाहेर पडत असते. ते काम ह्यांनी केले, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

खरी काळजी असे ती दुसऱ्या आठवड्यात. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण दहा-चौदा दिवसांनी सर्वांत खाली जातात, आणि त्या वेळी एखादा साधा जंतूही मोठा होऊन बसतो. तिसरे सलाइन ९ सप्टेंबरला झाले. अकरावा दिवस आला २० सप्टेंबरला, आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. दुपारची आरती चालू असताना मुलीच्या लक्षात आले की, घंटेच्या आवाजाला नेहमी सूर देणारा खंडू गप्प आहे. कुत्र्याचे एरवीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; त्या दिवशी पारा १०४ च्या वर गेला. ढोलताशांतून वाट काढत आम्ही त्याला दवाखान्यात नेले. पेशी फार उतरल्या होत्या. रात्रभर शिरेतून औषधे द्यावी लागणार होती.

घरी परतले तेव्हा नानांनी एकट्याने बादलीत गणपतीचे विसर्जन केले होते आणि ते रिकाम्या मखरासमोर बसले होते. मला पाहून म्हणाले, "दीड दिवस ठेवतो आपण याला. जास्त ठेवत नाही. म्हणून काय आपली भक्ती कमी असते?"

मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी खंडू घरी आला. चौथे सलाइन द्यायचे की इथेच पुरे म्हणायचे, हा प्रश्न आता पाटावर वाढून ठेवल्यासारखा समोर होता. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. त्यांनी एक कागद दिला. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली आजारी जनावरांच्या मालकांसाठी सात प्रश्न तयार केले आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि सातवा असा की, वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. सत्तरांपैकी पस्तिसांच्या वर असेल तर जगणे त्याला परवडते आहे असे समजावे. मी उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य काढलेली बाई, पण इतक्या भीतभीत मी कोणाला गुण दिले नव्हते. खंडूचे बेचाळीस झाले. नानांनी कालनिर्णयाची तीन पाने उलटून खुणा मोजल्या. फुल्या तेवीस होत्या, बाकी सगळ्या बरोबरच्या.

"पानावर हात आडवा धरलेला दिसत नाही," नाना म्हणाले. मात्रा थोडी कमी करून, एक आठवडा उशिरा, ७ ऑक्टोबरला चौथे आणि शेवटचे सलाइन दिले. ताप आला नाही.

या काळात मुलीने एकदा विचारले की, हा रोग माणसांनाही होतो का. होतो, आणि बहुधा तिच्याच वयात, हाडे भराभर वाढत असताना, गुडघ्याजवळ. कुत्र्यांतला आणि मुलांतला हा रोग इतका सारखा की, एकाच्या अभ्यासाचा दुसऱ्याला उपयोग होतो. मग तिने कुठून तरी टेरी फॉक्सची माहिती काढली. कॅनडातल्या या मुलाचा उजवा पाय १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, याच रोगापायी काढावा लागला. १९८० मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायला तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. फुप्फुसांत रोग आल्याचे कळले तेव्हा त्याला थांबावे लागले, आणि १९८१ च्या जूनमध्ये तो गेला. मुलगी बराच वेळ खंडूकडे पाहत होती. मग म्हणाली, "त्याला ठाऊक होते तो कशासाठी धावतोय. आपल्या खंडूला काहीच ठाऊक नाही, तरी धावतो."

आणि तो धावत होताच. दिवाळीनंतर हवा थंड झाली, तेव्हा पहाटे आम्ही त्याला हनुमान टेकडीवर नेऊ लागलो. माथ्यापर्यंत नाही, वाटेवर एक सपाट दगड आहे तिथपर्यंत. पूर्वी तो माथ्यावर जाऊन, आमची वाट पाहून, खाली येऊन पुन्हा वर जात असे. आता दगडापाशी पोहोचला की बसे, जीभ बाहेर काढून पुण्याकडे पाही आणि परत फिरे. 'आज इथवरच' अशी चुटपुट त्याच्या तोंडावर मला कधी दिसली नाही. 'अपुरा' हा शब्द 'पुरे'च्याच घरातला. तीन पायांचा कुत्रा अपुरा, असे आम्ही म्हणत होतो. तो स्वतः मात्र जेवढे होते तेवढ्याने पुरेसा होऊन बसला होता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या पानांवर फुल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत.

दर तीन महिन्यांनी छातीचे चित्र काढायचे होते. जानेवारीत फुप्फुसे स्वच्छ होती. एप्रिलच्या अखेरीस त्यांत वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरांनी सांगितले की, आणखी एक औषध आहे, गोळीच्या रूपात; थोडा काळ मिळेल किंवा मिळणार नाही. त्यांनी वाढायचे भांडे पुढे केले, पण वाकून पानात काही टाकले नाही. एवढे सौजन्य मोठमोठ्या यजमानांत नसते. आम्ही ती गोळी घेतली नाही. खोकल्याचे औषध घेतले आणि टेकडीऐवजी अंगणात फिरू लागलो.

मे महिन्यात फुल्या वाढल्या. महिना सरताना सलग चार आल्या. ३१ तारखेला सकाळी नाना नेहमीप्रमाणे दहीभाताची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. खंडूने वाटी हुंगली, दोन घास घेतले, मग वाटी नाकाने अलगद बाजूला सारली आणि नानांच्या मांडीवर हनुवटी टेकली. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवून म्हणाले, "पुरे म्हणतोय, सूनबाई."

मी त्या सुराकडे कान देऊन ऐकले. त्यात नकार होता की तृप्ती, ते मला वेगळे काढता आले नाही. दुपारी डॉक्टर घरी आल्या. गोधडीवर, आम्हा चौघांच्या मध्ये, आधी झोपेचे आणि मग दुसरे इंजेक्शन दिले. त्याला दवाखान्याची फरशी पाहावी लागली नाही.

'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा वाक्प्रचार आमच्या अभ्यासक्रमात येतो. अर्थ: हालहाल होऊन, बेवारशी मरणे. यंदाही मी तो तसाच सांगितला, कारण भाषा एका घरच्या अनुभवाने बदलत नसते, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत तो अर्थ आजही खराच आहे. फक्त वाक्यात उपयोग करून दाखवायचे मी टाळले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नानांनी दोन्ही वर्षांची कालनिर्णये मांडीवर घेऊन बेरीज केली. शस्त्रक्रियेनंतरचे ३२२ दिवस. त्यांतल्या फुल्या ४१, बरोबरच्या खुणा २८१. बेरीज त्यांनी जुन्या सवयीने दोनदा तपासली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्यापैकी कोणाच्या वर्षात इतके निघतील, सांग बघू?"

मी मनातल्या मनात माझे मागचे वर्ष मोजू लागले आणि मधेच सोडून दिले. तेवढ्यात दूधवाला मे महिन्याच्या पैशांसाठी आला. नानांनी त्याचा हिशेब चुकता केला आणि उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगितले.